पांढऱ्या मातीची ताल

बारामतीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या खादीच्या पिशवीत दोन धोतरे, एक पंचा आणि छापील पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकाचे नाव ‘बांध खचतो आहे, सरकार घोरते आहे’. बांध मी अजून पाहिलेला नव्हता. सरकार पाहिलेले होते, आणि आमच्या मंडळात पत्रक लिहायला तेवढे पुरत असे.

बांध इंदापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातला. मातीच्या अशा मोठ्या बांधाला तिकडे ताल म्हणतात. मागच्या पिढीत दुष्काळी कामावर लोकांना लावून ही ताल घातली गेली. गावाच्या वरच्या अंगाने एक ओढा येतो. वर्षभर त्यात गुरांना पाय बुडवायलाही पाणी नसते, पण वळीव कोसळला की तोच ओढा माळावरचे सगळे पाणी घेऊन गावावर चालून येतो. ताल ते पाणी थोपवते आणि बाजूच्या सांडव्यावाटे बेताबेताने सोडते. ती ताल आता फुटायला आली आहे असे एका परिचितांनी पुण्यात सांगितले आणि मी लगेच पत्रक लिहायला बसलो. गावाचे नाव मी इथे देत नाही. तशी गावाची अटच आहे. “पोरींची लग्नं व्हायची हायेत, नाव छापू नगा,” असे त्यांनी मला निघताना बजावले. का, ते पुढे कळेलच.

बारामतीहून पुढे

गावचे पाटील रंगराव बाजाराला आले होते. त्यांच्याच बैलगाडीतून मी जायचे ठरले होते. गाव त्यांना आबा म्हणते. उंच माणूस, डोक्याला भला मोठा पटका, आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायची सवय. त्यामुळे मतभेद झाला तरी निघून जाता येत नाही. भेटल्याबरोबर त्यांनी मी काय खाल्ले ते विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गुळाचा खडा आणि भुईमुगाच्या शेंगा माझ्या पंच्यात ओतल्या. आमच्या पुण्यात पाहुण्याला पहिला प्रश्न ‘परत कधी?’ असा असतो, आणि तोही प्रेमाने.

कालव्याच्या कडेने जाईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी, भाजीचे मळे. गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात बसलेला. ज्याला कालव्याचे पाणी मिळाले तो बागाईतदार आणि ज्याला नाही तो आकाशाकडे बघणारा. मधे फक्त कालव्यातून काढलेली एक चारी. या अन्यायावर मी आबांना एक छोटे भाषण दिले. मग पत्रक वाचून दाखवले. आबांनी डोळे मिटून, कीर्तन ऐकावे तसे ऐकले. ‘निद्रिस्त नोकरशाही’ला त्यांनी मांडीवर थाप मारली आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. ‘ज्या हातांनी या बांधाची माती ओरबाडली’ असे एक वाक्य मी ठेकेदारांना उद्देशून घातले होते. तिथे मात्र ते बैलांच्या शिंगांकडे बघत राहिले. मला वाटले, बैलाची वेसण सैल झाली असावी.

बैलांचेही लक्ष माझ्याकडे नव्हतेच. शेवटची चारी दिसताच दोघेही एकविचाराने गाडीसकट पाण्यात उतरले. मी गुडघाभर पाण्यात उभा, पत्रके पोहत चाललेली आणि आबा गाडीतच बसून बैलांना शिव्या देत असलेले, असे ते दृश्य होते. गोळा केलेली पत्रके चारीच्या काठावर वाळत घातली, तर कुठूनशी एक शेळी आली आणि एक पत्रक शीर्षकापासून मुद्रकाच्या नावापर्यंत खाऊन गेली. आमच्या कुठल्याही पत्रकाचा इतका सांगोपांग अभ्यास आजवर कुणी केलेला नाही.

गावाच्या वेशीत

चारी मागे पडली आणि हिरवे संपले. पुढे कुसळाचे माळ, बाभळी, मेंढ्यांच्या पायवाटा. ऊन कलताना गाव दिसले. सपाट धाब्याची घरे एकमेकांना खेटून बसलेली आणि सगळ्यांची डोकी पांढरीशुभ्र. गावाच्या वर तालीची लांब पाठ, तिच्यावर बाभळी.

आणि तालीकडून येणाऱ्या वाटेवर मी जे पाहिले त्याने माझा ऊर भरून आला. बायकांची रांगच्या रांग. डोक्यावर मातीच्या पाट्या, पदर कमरेला खोवलेले. मागे गाढवे, त्यांच्या पाठीवर मातीची पोती. सरकार घोरत असताना गाव स्वतः तालीची दुरुस्ती करते आहे! मी आबांना गाडी थांबवायला लावली, जुवावर उभा राहिलो आणि भाषण केले. म्हणालो, तुमचे हे श्रम पाहून पुण्याच्या सुशिक्षितांनी मान खाली घालावी. बायकांनी पाट्या डोक्यावर तशाच ठेवून ऐकले. एकीने पदर तोंडात कोंबला. दुसरी म्हणाली, “व्हय व्हय, लई कष्ट हायेत,” आणि रांग हसत गावात शिरली. मी शहरचा आहे म्हणून हसल्या असतील असे समजून मी गाडीत बसलो. आबांनी माझा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मग हातच सोडून दिला.

आबांच्या घरी त्यांच्या पत्नी आवडाबाई यांनी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा आणि हुलग्याचे माडगे असा बेत केला होता. ठेच्याने माझे डोळे उघडले, माडग्याने जीव परत आला. स्वयंपाकघराच्या मधोमध एक ओबडधोबड खांब होता. मी वाकून आत शिरताना त्यावर आपटलो, वाकून बाहेर पडतानाही आपटलो. आवडाबाई म्हणाल्या, “रोज दोन डाव मी बी आपटते. तुळई वाकली म्हनून सुतारानं टेकू दिलाय. वर माती लई झाली.”

झोपायला धाब्यावर गेलो. फरसबंद अंगणासारखी गुळगुळीत, चोपून चोपून बसवलेली पांढरी माती. तिकडे दरसाल पावसाळ्याआधी धाब्यावर नवा थर देतात. साधी माती चालत नाही, ही पांढरीच लागते. ती ओली झाली की मिटते आणि थेंब आत सोडत नाही. आवडाबाईंचे धाबे गावात नावाजलेले होते. मी त्याची मोकळ्या मनाने स्तुती केली आणि गार वाऱ्यात झोपून गेलो.

तालीवर

सकाळी एकटाच तालीवर गेलो. पाण्याच्या बाजूने ताल जेमतेम धड होती. बाभळींच्या मुळ्यांनी फटी पडलेल्या, घुशींची बिळे, एका कडेला खचलेला माथा. मी खूश झालो, कारण हे सारे पत्रकात मी अंदाजाने लिहिले होते. सांडव्यात आबांच्या कडब्याची गंज रचलेली होती, हे पत्रकात नव्हते.

मग माथ्यावरून गावाच्या बाजूला डोकावलो.

तालीला पाठच नव्हती. जागोजाग पोखरून गुहा केल्या होत्या, एवढ्या की दोन शेळ्या एका गुहेत सावलीला बसल्या होत्या. वरचा मुरूम तसाच सोडून आतली पांढरी माती तेवढी कोरून काढलेली. आतला उभा काप उघडा दिसत होता. तेवढ्यात बायकांची रांग आली. मी थोडा वेळ आशेने पाहत राहिलो. वर येताना पाट्या रिकाम्या होत्या. जाताना भरलेल्या.

“काल लई गोड बोललासा,” मागून कोणीतरी म्हणाले.

त्या भागूबाई. ओढ्याच्या काठाला, तालीच्या बरोबर खाली महारवाडा आहे, त्यातले सगळ्यात पुढचे घर त्यांचे. चाळिशीच्या, सडपातळ, आवाज मात्र पलीकडच्या माळापर्यंत जाणारा. त्या वस्तीने येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून जोहार घालणे अलीकडेच सोडले होते, आणि भागूबाईंनी तर मला नुसते निरखून घेतले.

त्यांनी सांगितले ते असे. ताल घातली तेव्हा मुकादमाने जुन्या ओसाड गावठाणातली पांढरी माती आणून तालीच्या पोटात भरली आणि धुमसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, ठोकली, म्हणून ताल पाणी धरते. पुढे गावठाणातली माती संपली. धाब्यांना तर दरसाल हवीच. तेव्हा कुणीतरी पहिली पाटी तालीच्या पाठीतून घेतली, आणि दुसऱ्या साली सगळ्यांनी. गावाचे म्हणणे, ही आमच्या वाडवडिलांच्याच घरांची माती. सरकारने आमच्याकडूनच घेतली, आम्ही परत घेतो. आता पाठ इतकी पोकळ झाली होती की भरल्या ओढ्याने एक धक्का दिला की पहिले पाणी भागूबाईंच्या चुलीत. गेल्या खेपेला उंबऱ्यापर्यंत आलेच होते. आणि आभाळ तर रोज दुपारी पश्चिमेला काळे होत होते.

मी विचारले, तुमच्या घरावर ही माती आहे का? त्या हसल्या. त्यांचे घर गवताने शाकारलेले. दोन सालांमागे त्यांनी एक पाटी भरली, तेव्हा ताल सरकारी आहे म्हणून त्यांना चावडीवर उभे केले होते.

चावडीपुढे

मी तणतणत गावात आलो आणि चावडीपुढे जे बोललो त्यातले काही पत्रकात छापण्यासारखे होते आणि काही छापण्यासारखे नव्हते. आत्मघातकी म्हणालो. आंधळे म्हणालो. ज्यांच्या डोक्यावर ताल आहे ते निवांत झोपतात आणि ज्यांच्या घरावर पाणी येणार ते जागतात, असेही म्हणालो. लोक जमले. वरच्या आळीचे पारावर, खालच्या वस्तीचे लिंबाखाली वेगळे. शिव्या खाऊनही कुणी चिडले नाही, याचा मला अधिक राग आला. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “आवाज चांगला हाय पोराचा. जत्रंला बोलवू.”

आबांनी माझा हात धरला. “पाव्हणं, पर पत्रकात तर तुमी सरकार म्हनलासा.”

मी म्हणालो, सरकारही दोषी आहेच. ताल बांधून झाल्यापासून तिच्याकडे सरकारी माणूस फिरकलेला नाही. एक जरी आला असता तरी या गुहा त्याला दिसल्या असत्या. ते वाक्य मी पत्रकातून काढलेले नाही आणि काढणारही नाही. पण सरकारने तुमच्या धाब्यावर माती आणून टाकली का?

यावर वाडवडिलांच्या मातीचा मुद्दा निघालाच. तिघेचौघे एकदम बोलू लागले. मग लिंबाखालून भागूबाईंचा आवाज आला आणि बाकीचे आपोआप थांबले.

“मी एवढंच इचारते, ताल कुनाची हाय? मी पाटी भरली तवा सरकारची. तुमी गाडी भरली तवा वाडवडलांची. आज फुटली तर कुनाची म्हनायची, तेवढं आत्ताच सांगून ठिवा.”

पारावरच्या म्हाताऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. आबा माझा हात धरूनच होते.

उत्तर आले ते वरून. पाटलांचे घर चावडीला लागून, आणि आवडाबाई धाब्याच्या काठाशी उभ्या राहून सगळे ऐकत होत्या.

“ती खरं बोलतीया,” त्या म्हणाल्या. “आन् हितं माती काय कमी हाय? माज्या सासूच्या वक्तापासनं थरावर थर घातलाय. सुतार म्हनतो, आनिक एक थर दिला तर धाबं चुलीत येईल. वीतभर राहू दे, बाकीची न्या तालीवर. आन् जमलं तर माज्या सैपाकघरातला त्यो खांब बी न्या.”

मला हे बोलणे एखाद्या ठरावापेक्षा मोलाचे वाटले. तत्त्वाने जे झाले नसते ते एका खांबाने केले. गावातल्या प्रत्येक घरात असा एखादा वाकलेला वासा होताच. शिवाय पाटलिणीने धाबे उतरवल्यावर जाड धाबे मिरवायचे कुणाच्या अंगात होते?

मातीची उलटी वाट

त्याच दुपारी काम सुरू झाले. वरून खोऱ्याने माती खाली ओढायची, पाट्या भरायच्या आणि तालीवर न्यायच्या. एकाने आपल्या धाब्यावरची नवी माती ठेवून उंदरांनी पोखरलेली जुनी पाठवली. आवडाबाईंनी ती चिमटीत धरून पाहिली आणि त्याच्याच अंगणात परत ओतायला लावली. आबांनी सांडव्यातला कडबा हलवला. हलवताना माझा हात धरून समजावले की सांडवा सालभर मोकळाच पडलेला असतो, जागा वाया का घालवायची. मी म्हणालो, छत्रीही सालभर मिटलेलीच असते आबा, म्हणून कोणी तिच्यात दाणे भरून ठेवत नाही. हे त्यांना पटले. ते त्यांनी दिवसभर भेटेल त्याला आपले म्हणून ऐकवले.

गुहांच्या कडा पायऱ्यांसारख्या कापल्या, म्हणजे नवी माती जुनीला धरून बसेल. थर टाकायचा, पाणी शिंपडायचे, धुमसाने ठोकायचे. धुमसे गावात दोनच. तेव्हा माळावर उतरलेल्या धनगराला, बिरूला, बोलावले. त्याची मेंढरे शेतात खतासाठी बसवतात, त्याबद्दल धान्य देतात. इथे तेच धान्य ठरवून मेंढरे तालीवर फिरवली. शेकडो बारीक खुरांनी माती अशी दाबली जाते की धुमसाने लाजावे. बिरू पुढे, कळप मागे, मग पुन्हा उलटे. मेंढरांना आपण राष्ट्रकार्य करतो आहोत याची कल्पना नव्हती, पण आमच्या मंडळातल्या काही सभासदांपेक्षा त्यांची हजेरी चांगली होती.

मला पाटी वाहायला दिली. हाताला फोड आले, टोपीवरही धाब्यासारखा मातीचा थर बसला. बायकांनी माझ्या जुवावरच्या भाषणावर एक ओवी रचली आणि दिवसभर म्हटली. ती इथे देत नाही.

एका गोष्टीने मात्र माझे डोके पुन्हा तापले. वरच्या आळीच्या बायका पाटी तालीवर नेऊन जमिनीवर ठेवत, दोन पावले मागे सरत, आणि मग खालच्या वस्तीच्या बायका ती उचलत. हातातून हातात नाही. मी त्यावर बोलायला तोंड उघडले, पण पश्चिमेचे आभाळ माझ्याआधी बोलले. धूळ उठली, गडगडले. “ठिवत काय बसलीस? दे की हातात,” आवडाबाई शेजारणीवर खेकसल्या, आणि स्वतःची पाटी भागूबाईंच्या हातात दिली. मग सगळ्याच पाट्या तशा जाऊ लागल्या. पाऊस त्या दिवशी हूल देऊन गेला. संध्याकाळी वरच्या आळीत काही जणींनी डोक्यावरून अंघोळी केल्या असे मला कुणीतरी कुजबुजून सांगितले. मी म्हटले, करू देत. दिवसभर माती वाहिल्यावर अंघोळ करावीच माणसाने.

वळीव

शेवटचा थर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, वळीव आला. आधी गारा, मग धारा नव्हेत, नुसते पाणी. ओढ्याचा आवाज गावात ऐकू आला तशी सगळी माणसे घोंगडी आणि पोती पांघरून तालीकडे धावली. मीही धावलो. पत्रकातला बांध केव्हाही फुटला तरी चालतो. या तालीच्या खाली मी गुळाचा चहा प्यायलेली घरे होती.

तांबडे पाणी तालीच्या छातीपर्यंत चढले. फांद्या, काटक्या, कुणाच्या तरी कुंपणाचे काटे येऊन आपटत होते. मागच्या बाजूला आम्ही नवी भरलेली पाठ आबा हाताने चाचपत होते, दुखणाईताचे कपाळ पाहावे तशी. एके ठिकाणी ती ओलसर झाली. पुरुषांनी तिथे दगड आणि माती टाकून पायांनी तुडवले. ओल तिथेच थांबली. मग पाणी सांडव्याला लागले आणि मोकळ्या सांडव्यातून गर्जत बाजूच्या घळीत उतरले. बघता बघता पाणी चढायचे थांबले. बिरू म्हणाला, “बसली. आता हालत न्हाय.” कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आबांनी माझा हात धरला आणि गावात परतेपर्यंत सोडला नाही.

गावात परतलो तर प्रत्येक घरातून आरडाओरडा. नुकती उतरवलेली धाबी अजून नीट मिटली नव्हती. सगळी गळत होती. पाटलांच्या स्वयंपाकघरात आठ-दहा ठिकाणी धार. आवडाबाई एका हातात घंगाळ, दुसऱ्या हातात परात घेऊन गरगर फिरत होत्या. त्यांच्या सबंध संसारात घर गळलेले त्यांना माहीत नव्हते. मी दुसरे घंगाळ धरून उभा राहिलो.

भागूबाई अंगणात आल्या होत्या, डोक्यावर पोत्याची खोळ. पाटलांच्या पायरीच्या खाली थांबून त्यांनी आत पाहिले आणि तिथूनच हुकूम द्यायला सुरुवात केली.

“भांडं मागनं. आदी जळन उचला, ते भिजलं तर उंद्या काय पेटवनार? आता पीठ. न्हाय, त्या कोपऱ्यात न्हाय, तितं बी गळनार, बगा वर काळं झालंय. धारंला सुतळी बांदा, म्हंजी पानी तिच्यावरनं गुमान भांड्यात उतरतं.”

आवडाबाई निमूटपणे सगळे करत होत्या. पाटलिणीला इतके ऐकून घेताना मी त्याआधी पाहिले नव्हते आणि आबांनीही पाहिले नसावे, कारण ते दारात थिजून उभे होते. सुतळी बांधली, ती धार खरेच गुमान उतरू लागली. आवडाबाईंनी घाम पुसला, दाराकडे वळल्या आणि थोडा वेळ त्या पायरीकडे बघत राहिल्या.

“भायेरनं काय सांगतीस,” त्या म्हणाल्या. “आत ये. आत येऊन दाव.”

अंगणात पाऊस पडत होता. आबांनी माझ्याकडे पाहिले, मी आबांकडे. माझ्या तोंडात या प्रसंगाचे एक भाषण तयारही झाले होते.

“येईन की,” भागूबाई म्हणाल्या. “पर आज न्हाय. एवढा पाऊस झाला आन् माज्या उंबऱ्याच्या आत खालनं टिपूस आला न्हाय. जाते. जरा बसते माज्या घरात.”

आणि पोत्याची खोळ सावरत, चिखलातून, मुळीच घाई न करता त्या ओढ्याकडे उतरल्या.